बॉयलर आपोआप का थांबतो? कंट्रोल रूममधील आकड्यांची ओळख



हंगाम ऐन भरात असतो. केनयार्डात गाड्यांची रांग लागलेली असते, गव्हाणीत मोळ्या पडत असतात आणि मध्येच सगळे थांबते. चौकशी केली की उत्तर मिळते, “बॉयलर ट्रिप झाला.” कोणी केला? “कोणी नाही, आपोआप झाला.” ज्याची बैलगाडी पहाटेपासून नंबरात उभी आहे त्याचे या उत्तराने समाधान होत नाही, आणि व्हावे अशी आमची अपेक्षाही नाही. दररोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना एक तास थांबला तर २०० टनांहून जास्त ऊस गाळायचा राहतो. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, आतली साखर मोडते. नुकसान शेवटी पिकविणाऱ्याच्याच पदरी येते.

म्हणून गटसभांतून एक सूचना वारंवार पुढे येते. “त्या कंट्रोलरमध्ये कसले तरी आकडे भरलेले असतात म्हणे. आकडा ओलांडला की बॉयलर पडतो. मग तो आकडाच जरा खाली-वर करून घ्या की! हंगाम तरी सुरळीत चालेल.” सूचना चांगल्या हेतूची आहे. ती जशीच्या तशी मान्य का करता येत नाही, आणि तिच्यात खरे किती आहे, हे नीट उलगडून सांगावे म्हणून हा लेख.

विहिरीवरचा स्टार्टर

प्रथम आपल्या विहिरीवरचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणू. पाच एचपीची थ्री फेज मोटार भरल्या कामावर सुमारे साडेसात अँपिअर करंट घेते. स्टार्टरच्या डब्यात ओव्हरलोड रिले असतो. त्यावर एक छोटी चकती असते, ती स्क्रू-ड्रायव्हरने मोटारीच्या करंटाला जुळवून ठेवायची. पंपात काही अडकले, बेअरिंग जाम झाले किंवा एक फेज गेला की करंट वाढतो, रिले तापतो आणि स्टार्टर पडतो. इथवर सर्वांस ठाऊक आहे. पण रात्रीची लाईट आहे, पाण्याची पाळी आहे आणि स्टार्टर दर दहा मिनिटांनी पडतोय. मग काय होते? कोणीतरी चकती साडेसातवरून दहावर नेऊन ठेवतो. त्याहून धीट माणूस बटणात काडीच खोचतो. मोटार चालू राहते, उसाला पाणी मिळते आणि पहाटे जळक्या वार्निशचा वास येतो. रिवाइंडिंगला किती पैसे पडतात ते आम्ही लिहायला नको.

रिले बिचारा सांगत होता की पंपात बिघाड आहे. आपण सांगणाऱ्याचेच तोंड बांधले.

आता एक फरक ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. स्टार्टरमधला रिले मोटार चालवत नाही, तो फक्त थांबवतो. ट्रॅक्टरच्या इंजिनातला गव्हर्नर मात्र चालवतो. नांगरट करताना हाताचा ऍक्सिलरेटर एका जागी ठेवला की इंजिनाचे फेरे ठरले. जड जमीन लागली, फेरे उतरू लागले की गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो. हलकी जमीन आली की कमी करतो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला तेव्हापासून तत्त्व तेच आहे. मोजायचे, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे आणि जेवढा फरक तेवढी झडप उघडायची किंवा मिटायची. हा जो ठरलेला आकडा त्याला सेट पॉइंट म्हणतात आणि हे काम करणाऱ्या यंत्राला कंट्रोलर. पूर्वी कंट्रोलर हवेवर चालत. ३ ते १५ पौंड दाबाची हवा बारीक नळ्यांतून सगळ्या कारखान्यात फिरे. आता तेच काम ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट आणि संगणक करतात. जुनी माणसे अजून “हवेचे बरे होते, नळी गळली तर आवाज तरी यायचा” असे म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही.

तेव्हा कंट्रोल रूममधले आकडे दोन जातींचे आहेत. एक चालविण्याचे, दुसरे थांबविण्याचे. सगळा घोळ होतो तो दोन्ही एकच समजल्यामुळे.

ड्रममधले पाणी

ताशी ८० टन वाफ करणारा, ६७ किलो दाबाचा बॉयलर उदाहरणादाखल घेऊ. भट्टीत बगॅस जळत असतो, तिथली आच हजार अंशांच्या आसपास असते. भट्टीच्या भिंती म्हणजे पोलादी नळ्यांच्या रांगा, आणि त्या नळ्यांत ड्रममधले पाणी खेळत असते. ६७ किलो दाबाला पाणी सुमारे २८३ अंशांवर उकळते. नळीत पाणी आहे तोवर पोलादही त्याच्या थोडे वर, एवढेच तापते. पाणी संपले की तेच पोलाद लाल होऊन मऊ पडते, फुगते आणि फाटते. ६७ किलो दाब म्हणजे काय? नखाएवढ्या जागेवर साखरेचे ५० किलोचे पोते आणि वर आणखी १७ किलो. नळी फाटल्यावर बाहेर काय येत असेल याची कल्पना यावी.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. गेज ग्लासमधले पाणी दिसेनासे झाले म्हणून घाबरून कोणी जोरात पाणी सोडले, तर तो तापल्या तव्यावर मारलेला पाण्याचा हबका ठरतो. पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंद ड्रममध्ये ती जागा नसते. म्हणून प्रत्येक बॉयलर अटेंडंटला पहिल्या दिवसापासून शिकवितात की काचेत पाणी दिसत नसेल तर आधी आग तोडायची, पाण्याला हात लावायचा नाही.

पाणी जास्त झाले तरी चालत नाही. वाफेबरोबर पाण्याचे थेंब वर चढतात आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतात. म्हणजे ड्रममधली पातळी दोन्ही बाजूंनी सांभाळावी लागते.

आता वेळेचा हिशेब पाहू. ताशी ८० टन वाफ म्हणजे मिनिटाला सव्वा टनाहून जास्त पाणी उडून जाते. दीड मीटर व्यासाचा, नऊ मीटर लांबीचा ड्रम धरला तर मधल्या पातळीपासून २० सेंटिमीटर पाणी उतरणे म्हणजे सुमारे दोन टन पाणी कमी होणे. फीड पंप बंद पडला तर त्याला लागते दीड मिनिट. दीड मिनिटात आपली तंबाखूसुद्धा मळून होत नाही. एवढ्या वेळात एखाद्याने धावत जाऊन, विचार करून, योग्य झडप गाठावी, तीही रात्री तीनच्या सुमारास, ही अपेक्षा माणसाकडून करणे बरोबर नाही. म्हणून यंत्र बसविलेले असते.

तीन रेषा

ड्रमच्या पातळीला तीन आकडे लावतात. मधला सेट पॉइंट, म्हणजे समजा ड्रमचा बरोबर मध्य. कंट्रोलर फीड वॉटरची झडप उघडत-मिटत पाणी तिथे राखतो. त्याखाली, समजा १० सेंटिमीटरवर, अलार्म. इथे घंटा वाजते, दिवा लागतो आणि माणसाला सांगितले जाते की बघ, काहीतरी बिनसले आहे, दुसरा पंप लाव. आणि २० सेंटिमीटरवर ट्रिप. इथे कोणाला विचारले जात नाही. बगॅसचे फीडर थांबतात, भट्टीत हवा देणारा पंखा थांबतो, आग बसू लागते. (आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक बॉयलरचे खरे आकडे तो बांधणाऱ्याने नकाशावर दिलेले असतात.)

हे आकडे कोणी मनाने ठरवीत नाही. हिशेब खालून वर करतात. नळ्यांना पाणी मिळत राहील अशी अगदी खालची पातळी कोणती, ती आधी काढायची. आग तोडल्यावरही ग्रेटवरचा बगॅस काही वेळ जळतच असतो आणि वाफ होतच असते. तेवढे पाणी शिल्लक राहील इतके वर यायचे. तिथे ट्रिप. तिथून माणसाला काही करता येईल इतके आणखी वर, तिथे अलार्म.

आता सभासदांच्या सूचनेकडे वळू. समजा ट्रिपचा आकडा आणखी १० सेंटिमीटर खाली नेला. फीड पंप खरोखरच बंद पडलेला असेल तर बॉयलर किती जास्त चालेल? वरच्याच हिशेबाने ४५ सेकंद. ताशी २०८ टनांच्या गाळपाने ४५ सेकंदांत २.६ टन ऊस गाळला जाईल, म्हणजे एका बैलगाडीचा ऊस! या एका गाडीसाठी आग बसेपर्यंत नळ्यांना पुरावे म्हणून राखलेले पाणी आपण खर्च करून टाकतो. आणि भट्टीसमोर पाळीवर असलेली माणसे आपल्याच गावची, आपलीच पोरे असतात.

काहिलीतला फेस

पण सूचनेत एक खरी तक्रार दडलेली आहे. ती अशी की कित्येकदा पाणी पुरेसे असूनही बॉयलर पडतो. हे होते, आणि त्याचे कारण गुऱ्हाळ चालविलेल्या माणसाला पटकन समजेल. काहिलीला जाळ लागला की रस फुगून काठापर्यंत येतो. चुलवणातला जाळ कमी केला की खाली बसतो. रस तेवढाच असतो. फुगतो तो बुडबुड्यांमुळे.

ड्रममध्ये हाच खेळ चालतो. मिल एकदम थांबली की वाफेची मागणी घटते, ड्रममधला दाब वाढतो, पाण्यातले बुडबुडे दबतात आणि पातळी घसरल्यासारखी दिसते. मिल एकदम चालू झाली की उलटे; दाब उतरतो, बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. नुसत्या पातळीवर चालणारा साधा कंट्रोलर इथे फसतो. वाफ जास्त जात असताना, म्हणजे पाणी जास्त हवे तेव्हाच, तो “पाणी भरपूर झाले” असे समजून झडप मिटतो. मग बुडबुडे बसले की पातळी दाणकन खाली आणि ट्रिप.

यावर ट्रिपचा आकडा हलविणे हा उपाय नव्हे. उपाय असा की कंट्रोलरला तीन गोष्टी एकदम दाखवायच्या: ड्रमची पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी. जेवढे टन वाफ गेली तेवढे टन पाणी आधी सोड आणि पातळीकडे पाहून किरकोळ दुरुस्ती कर, असे त्याला बजावायचे. याला थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात. मोठ्या बॉयलरांवर ही सोय असते, पण ती बसविली म्हणजे झाले असे नाही. वाफेचा मीटर चुकीचा दाखवू लागला की सगळी बेरीज-वजाबाकी चुकते. मग ऑपरेटर कंटाळून ती बंद करतात आणि एका पातळीवर चालवितात. बॉयलर वारंवार पडू लागला तर आधी इथे पाहावे असे आमचे मत आहे.

दुसरा उपाय म्हणजे वेळ. पातळी ट्रिपच्या रेषेला शिवताक्षणी न पडता ती सलग ५ सेकंद खाली राहिली तरच पड, असे सांगता येते. क्षणभराची लाट निघून जाते. आपल्या ड्रममध्ये ५ सेकंदांत पाणी सेंटिमीटरभरच उतरते, तेव्हा एवढा उशीर परवडतो. दीड-दोन मिनिटांचा उशीर घातला तर मात्र ट्रिप असून नसल्यासारखा.

कंट्रोलरने झडप किती जोराने हलवावी याचेही आकडे असतात. फरक मोठा तर हालचाल मोठी, हा पहिला. पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या इंजिनावर जड काम पडले की गव्हर्नर असूनही फेरे ठरल्यापेक्षा जरा खालीच राहतात, तसे कंट्रोलरचेही होते. तो राहिलेला फरक हळूहळू भरून काढणारा दुसरा आकडा असतो. आणि बदल किती वेगाने होतो आहे ते पाहून आधीच सावध होणारा तिसरा. हे तीन मिळून पीआयडी. १९४२ साली झिगलर आणि निकल्स या दोघांनी हे आकडे प्रयोगाने कसे काढावेत याची रीत छापली, ती आजही शिकवितात. पहिला आकडा फार मोठा झाला तर झडप वेड्यासारखी उघड-मीट करते. दुसरा फार तेज झाला तर पाणी वर-खाली झोके घेत राहते. असे झोके घेणारी पातळी सारखी अलार्मला शिवते, घंटा दिवसभर वाजते आणि मग घंटेकडे कोणी पाहीनासे होते. वाजून वाजून निकामी झालेली घंटा नसलेल्या घंटेपेक्षा वाईट, कारण नसलेलीवर कोणी विसंबत तरी नाही.

तार तुटली तर?

पातळी मोजणारा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर करंट पाठवितो. ४ म्हणजे तळ, २० म्हणजे काठ. तळाला शून्यच का नाही ठेवले? ठेवले असते तर तार उंदराने कुरतडली तरी शून्य आणि ड्रम रिकामा झाला तरी शून्य. दोन्हींत फरक कळला नसता. आता करंट ४ च्याही खाली गेला की कंट्रोलरला समजते की हे पाणी नव्हे, हा बिघाड आहे. मात्र “बिघाड समजल्यावर तू काय करायचे” हे त्याला आधीच सांगून ठेवावे लागते. हा रकाना रिकामा राहिला, किंवा “शेवटचा आकडा धरून चालू राहा” असे त्यात भरले गेले, तर तार तुटल्यावर पडद्यावर पातळी छान स्थिर दिसत राहते आणि खाली ड्रम रिता होत असतो.

एकाच मापकावर ट्रिप ठेवला तर मापक बिघडला की कारखाना बंद. म्हणून तीन मापक बसवून तिघांपैकी दोघांनी सांगितले तरच पडायचे अशी रीत आहे, पंचांच्या निवाड्यासारखी. एक खोटे बोलला तरी कारखाना चालू राहतो, आणि एक मुका झाला तरी संरक्षण जात नाही. यात खर्च आहे हे खरे. पण सभासदांची मूळ तक्रार, म्हणजे कारण नसताना पडणे, ती धोका न वाढविता दूर करणारा रस्ता हाच आहे.

तसेच ट्रिपचा सोलेनॉइड नेहमी विजेवर धरून ठेवलेला असतो. वीज गेली की सुटतो आणि बॉयलर सुरक्षित बाजूला जातो. लाईट गेल्यावर आपला स्टार्टर पडतो तो याच तत्त्वावर. लाईट आल्यावर तो आपोआप उचलत नाही, तुम्हांला जाऊन बटण दाबावे लागते. ट्रिपनंतर बॉयलरलाही कारण पाहून, नोंद करून, हाताने रिसेट द्यावा लागतो. तिथे ऑटो स्विच लावायचा नसतो.

कुलूप

चालविणारे यंत्र आणि थांबविणारे यंत्र वेगळे असावे, मापकसुद्धा वेगळा असावा, असा नियम आहे. तो का, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. तिथे बन्सफील्ड येथे इंधनाचा मोठा साठा होता. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे एका टाकीत पेट्रोल चढत होते. पातळी दाखविणारा मापक अडकून बसला होता, त्यामुळे पडद्यावर पातळी स्थिर दिसत होती. टाकी काठोकाठ भरली की पंप तोडणारा दुसरा, स्वतंत्र स्विच टाकीच्या माथ्यावर होता. पण त्या स्विचची तपासणीची दांडी योग्य जागी धरून ठेवायला एक कुलूप लागत असे, आणि ते लावलेलेच नव्हते. स्विच चालला नाही. पेट्रोल ओसंडले, त्याची वाफ पसरली आणि स्फोट झाला. ४० वर माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती म्हणून जीव वाचले. एवढा मोठा साठा, एवढी यंत्रे, आणि अडले ते एका कुलपापाशी.

किल्लीचेही असेच उदाहरण आहे. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या सुरक्षा कंट्रोलरमध्ये बाहेरच्या लोकांनी संगणकाच्या मार्गाने शिरकाव केला. त्या कंट्रोलरवर एक किल्ली असते. ती “चालू” या खुणेवर ठेवली की आतला कार्यक्रम बदलता येत नाही. ती “बदल” या खुणेवर राहिली होती. आपल्याकडे कोण येतोय, असे वाटेल. पण कोणी बाहेरचा न येताही, आपलाच एखादा भला माणूस रात्रपाळीला “गाड्या फार तटल्यात” म्हणून आकडा बदलू शकतो. किल्ली त्याच्यासाठीही आहे.

यासाठी हक्कांच्या पायऱ्या ठरविलेल्या असतात. ऑपरेटरने सेट पॉइंट हलवावा, पण ठरवून दिलेल्या मर्यादेतच. त्यापलीकडचा आकडा पडद्याने घेऊच नये. पीआयडीचे आकडे इन्स्ट्रुमेंट विभागाने बदलावेत. ट्रिपचे आकडे चीफ इंजिनिअरच्या लेखी मंजुरीशिवाय कोणी बदलू नयेत, आणि बदलले तर जुना आकडा, नवा आकडा, कारण, तारीख व सही वहीत यावी. मापक दुरुस्तीसाठी ट्रिप तात्पुरता बायपास करावा लागतो. तेव्हा किती वेळासाठी, तेवढ्या वेळात काचेवर डोळा ठेवून कोण उभा राहणार आणि परत कोण लावणार हे आधी लिहायचे. शिफ्ट बदलताना बायपासची वही हातात हात देऊन सोपवायची. आमच्या अनुभवास येते ते असे की बायपास करायला सर्वांना आठवण असते, काढायला नसते.

आणि या सगळ्यांच्या वर ड्रमवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसलेले असतात. त्यांना ना वीज लागते ना संगणक. दाब ठरल्यापेक्षा चढला की स्प्रिंग उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. आसपासच्या गावांना तो आवाज परिचित आहे. त्यांची जुळणी बाष्पके निरीक्षकांसमोर होते. त्या जुळणीला कारखान्यातल्या कोणीही, अगदी चेअरमनसाहेबांनीही, हात लावायचा नसतो. या बाबतचा कायदा १९२३ चा होता, त्याची जागा २०२५ साली नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

रसाचे आकडे

बॉयलरविषयी फार लिहिले, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. पैशाशी गाठ आहे ती रसाच्या आकड्यांत.

मिलमधून येणारा मिश्र रस आंबट असतो, त्याचा पीएच साधारण ५ ते ५.५. त्याला तापवून, चुना आणि गंधकाचा धूर देऊन पीएच ७ च्या जरा वर आणतात आणि मग १०२-१०४ अंशांवर नेऊन निवळायला सोडतात. पीएच एकने उतरला म्हणजे आंबटपणा दसपट झाला. आंबट आणि गरम रसात साखर मोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ती मग पोत्यात येत नाही, मळीत जाते. पीएच फार चढला तर रसातली दुसरी द्रव्ये जळल्यासारखी होऊन साखरेला रंग चढतो. तापमान उकळीच्या खाली राहिले तर रसात अडकलेली हवा सुटत नाही आणि गाळ बसण्याऐवजी तरंगतो. म्हणजे इथेही दोन्हीकडून बंधन.

पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर चुन्याची पुटे चढतात आणि तो हळूहळू खोटे सांगू लागतो. कंट्रोलर त्याच्यावर विश्वास ठेवून इमानाने चुकीचा चुना सोडत राहतो, आणि पडद्यावर रेघ सरळ दिसते. म्हणून इलेक्ट्रोड नेमाने धुऊन ज्ञात पीएचच्या द्रावणात बुडवून पाहणे आणि लॅबोरेटरीच्या नमुन्याशी ताडणे हे प्रत्येक पाळीचे काम. याची किंमत सभासदांनी रुपयांत समजून घ्यावी. केंद्र सरकारने २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. टनाला ३४ रुपये ६० पैसे झाले. शेतात रात्रंदिवस राबून उतारा वाढवायचा आणि तो इलेक्ट्रोडवरच्या पुटात घालवायचा, हे कोणाला परवडेल?

गव्हाणीचा पट्टा मध्येच हळू का होतो, हेही पुष्कळजण विचारतात. उसाचा भुगा करणाऱ्या फायब्रायझरच्या मोटारीचा करंट ठरलेल्या आकड्यावर गेला की कॅरिअर आपोआप मंदावतो, आणि मिलच्या तोंडाशी च्यूट भरला की थांबतो. मोळीत दगड, माती, लोखंड कमी असेल तर हा आकडा कमी वेळा गाठला जातो. एवढी मदत तोडणी करताना आपल्याकडून व्हावी.

हंगामापूर्वी

बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी हे सर्व आकडे तपासायचे असतात. प्रत्येक मापकाला खोटा करंट देऊन, ४, ८, १२, १६, २० असे चढत जाऊन, पडद्यावर काय दिसते ते लिहितात. तार मुद्दाम सोडवून पाहतात. बॉयलर पेटल्यावर, दाब कमी असताना, पाणी खरोखर उतरवून ट्रिप पडतो की नाही हे पाहतात. कागदावर पडलेला ट्रिप धरायचा नसतो. हंगाम संपताना वहीतले आकडे आणि कंट्रोलरमधले आकडे पुन्हा एकदा जुळवितात. जिथे जुळत नाहीत तिथे चौकशी.

ज्या सभासदांना ही चाचणी प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. कंट्रोल रूम लहान असल्याने एका वेळी दहाजणांनाच आत घेता येईल. बॉयलर हाऊसमध्ये येताना पायांत बूट असावेत, धोतर-उपरणे किंवा पदर सैल नसावा, आणि कोणत्याही बटणाला हात लावू नये.